पोझ्झुओली: समुद्राने मोजलेली जमीन

नेपल्सहून पश्चिमेला साधारण अर्ध्या तासावर पोझ्झुओली आहे. मोंतेसान्तो स्थानकातून कुमाना मार्गाची गाडी पकडली की थेट गावात उतरता येतं. मात्र भूकंपाचा जोराचा धक्का बसला की रूळ आणि बोगदे तपासून होईपर्यंत या गाड्या थांबवतात. परतीचं विमान त्याच संध्याकाळी असेल तर हा बेत आखू नये.

मी सुरुवात केली दार्सेनापासून, म्हणजे मच्छीमारांच्या छोट्या गोदीपासून. काठाच्या भिंतीवर वाळलेल्या शिंपल्यांची पट्टी पाण्याच्या बरीच वर राहिली आहे, कडेला चिखल उघडा पडलाय आणि ओहोटीला होड्या तळाला टेकतात. पाहणाऱ्याला वाटतं, समुद्र मागे हटला. पण समुद्र होता तिथेच आहे, वर आलाय तो गोदीचा तळ. २००५ पासून इथली जमीन १.४ मीटरहून जास्त उचलली गेली आहे. उभ्या माणसाच्या जवळपास खांद्याएवढी! तीही एका झटक्यात नव्हे, आधी फार सावकाश आणि अलीकडच्या वर्षांत महिन्याला एक-दोन सेंटीमीटर अशी, कधी थोडी जास्त, कधी कमी.

इथे बहुतेक जण एक चूक करतात: जुना फोटो आणि आजची गोदी शेजारी ठेवून फरक मोजतात. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक तीस-चाळीस सेंटीमीटरच असतो, पण आपण मोजायला निघालो तेही सेंटीमीटरच. शिवाय हवेचा दाब एक मिलिबारने वाढला की पाणी साधारण एक सेंटीमीटर दबतं. थंडीतल्या स्वच्छ, जड हवेच्या दिवशी जमीन उगाचच जास्त वर आलेली दिसते. फोटोची वेळ आणि त्या वेळची भरती माहीत नसेल तर तुलना सोडून द्यावी.

आता हे होतं कशामुळे? पोझ्झुओली हे डोंगरावरचं किंवा डोंगराखालचं गाव नाही, ते ज्वालामुखीच्या आत वसलंय. कांपी फ्लेग्रेई नावाचा हा १२ ते १५ किलोमीटर रुंदीचा खळगा सुमारे ४०,००० आणि १५,००० वर्षांपूर्वीच्या दोन प्रचंड उद्रेकांनी घडवला. शिलारस बाहेर फेकला गेला, खालचा आधार गेला आणि वरचं छत खचलं. खळग्याचा बराच भाग आज समुद्राखाली आहे. खोलवर अजून शिलारस आहे. त्यातून सुटणारे वायू आणि तापलेलं पाणी वरच्या थरांत कोंडलं की छत घुमटासारखं फुगतं. वाट मिळून दाब उतरला की बसतं. या फुगण्यात शिलारसाचा वाटा किती आणि वायू-पाण्याचा किती, यावर जाणकारांत आजही वाद आहे. फुगवटा सर्वांत जास्त पोझ्झुओलीच्या खाली असतो आणि चहूबाजूंना काही किलोमीटरवर विरत जातो. उतार इतका हलका की इमारती कलत नाहीत, भिंतीसकट सगळं सरळ वर जातं. म्हणूनच समुद्राची मोजपट्टी नसती तर साध्या डोळ्यांना काहीच कळलं नसतं.

त्या मोजपट्टीवरच्या सर्वांत जुन्या खुणा गोदीपासून पाच मिनिटांवर आहेत. माचेल्लुम, म्हणजे रोमन काळातला बाजार. १७५० मध्ये उत्खनन झालं तेव्हा सेरापिस देवाची मूर्ती सापडली, म्हणून पुढे कितीतरी वर्षं लोक याला देऊळच समजत होते. आवार रस्त्याच्या पातळीच्या खाली आहे, त्यामुळे कठड्याशी उभं राहूनही सगळं दिसतं. हिरवट पट्ट्यांच्या चिपोल्लिनो संगमरवराचे तीन अखंड खांब उभे आहेत, प्रत्येकी १२ मीटरहून उंच. दुर्बीण जवळ ठेवा आणि ऊन तिरकं असताना जा. भर दुपारी सावली पडत नाही आणि नेमकी पाहायची ती भोकं सपाट दिसतात.

खांब खालून वर वाचायचा. तळापासून साधारण ३.६ मीटरपर्यंत दगड गुळगुळीत आहे. त्यावर जवळजवळ पावणेतीन मीटरचा पट्टा भोकांनी चाळणी झालेला. त्याच्या वर पुन्हा साफ. ही भोकं लिथोफागा या समुद्री शिंपल्याची. तो दगड घासून नव्हे, आम्ल सोडून विरघळवतो. म्हणून संगमरवर पोखरला जातो आणि शेजारचे ग्रॅनाइटचे खांब तसेच राहतात. एकेका भोकाचं तोंड अरुंद आणि पोट रुंद असतं. शिंपला लहानपणी आत शिरतो, आतच वाढतो आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. म्हणजे हा जीव इथे लाटेबरोबर चार दिवस आला नव्हता, पिढ्यान् पिढ्या पाण्याखाली राहिला होता. खालचा भाग वाचला, कारण तो तेव्हा गाळात गाडलेला होता. वरचा वाचला, कारण तो पाण्याबाहेर होता.

जर्मन कवी गटेने यावर तोडगा काढला होता की राख-दगडांनी पाणी अडून इथे एखादं तळं साचलं असेल. जमीन हलते हे मानण्यापेक्षा त्याला तळं मानणं सोपं वाटलं. नुसता समुद्रच सहा मीटर वर चढून उतरला म्हणावं, तर त्याच काळात भूमध्य समुद्राचे सगळेच किनारे बुडायला हवे होते. उरतो एकच पर्याय: बाजार खाली गेला आणि परत वर आला. चार्ल्स लायलने १८३० मध्ये आपल्या भूशास्त्रावरच्या ग्रंथाच्या मुखचित्रात हेच खांब छापले. मला मात्र भोकांपेक्षा खांब उभे आहेत याचंच जास्त नवल वाटतं. एवढा प्रवास खाली-वर झाला आणि तिघेही पडले नाहीत!

अलीकडचा हिशोब साधनांनी मोजलेला आहे. १९७० च्या आसपासच्या दोन-तीन वर्षांत जमीन सुमारे १.७ मीटर वर आली आणि मार्च १९७० मध्ये रिओने तेर्रा ही टेकाडावरची जुनी वस्ती रिकामी करावी लागली. १९८२ ते १९८४ मध्ये आणखी १.८ मीटर; तेव्हा सुमारे ४०,००० लोक हलवले गेले. उद्रेक दोन्ही वेळा झाला नाही. उलट नंतरच्या वीस वर्षांत जमीन ९० सेंटीमीटरच्या आसपास खाली बसली. हादरे मात्र या फुगण्याचाच भाग आहेत. मे २०२४ मध्ये ४.४ महत्तेचा धक्का बसला, २०२५ मध्ये त्याहून थोडे मोठे. आकडा लहान वाटतो, पण केंद्र दोन-तीन किलोमीटरच खोल असल्याने इमारतींना त्याचा पुरेपूर हिसका बसतो. टफच्या, म्हणजे घट्ट झालेल्या ज्वालामुखी राखेच्या कड्यांवरून दगड सुटतात. किनाऱ्याने चालताना कड्याच्या पायथ्याशी थांबू नये.

फुगवटा फुटतो तेव्हा काय होतं, ते मोंते नुओवोवर दिसतं. नावाचा अर्थच 'नवा डोंगर'. सप्टेंबर १५३८ च्या अखेरीस इथली जमीन इतकी वर आली की समुद्र शेकडो पावलं मागे गेला आणि लोकांनी कोरड्यावर पडलेले मासे वेचले. २९ सप्टेंबरला भेग फुटली. आठवडाभरात १३३ मीटरची टेकडी उभी राहिली आणि त्रिपेर्गोले नावाचं गाव तिच्याखाली गेलं. स्फोट थांबलेत असं समजून काही लोक वर चढले, ६ ऑक्टोबरच्या स्फोटात त्यातले चोवीस मेले. वाट सोपी आहे, मात्र पायाखाली प्युमिसचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे खडे सरकतात, तेव्हा उतरताना टाच आधी रोवावी.

सोल्फातारा हे गंधकाच्या वाफा सोडणारं विवर २०१७ च्या अपघातानंतर बंद करण्यात आलं. गंधकाचा वास त्याच्या बाहेरच्या रस्त्यांवरही येतो, पण धोका फक्त वास येणाऱ्या वायूचाच नाही. कार्बन डायऑक्साइडला वास नसतो आणि तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून तळघरांत आणि खड्ड्यांत साठतो. या भागात कोणत्याही सखल, बंद जागेत वाकून पाहू नका.

शेवटी बाया हे किनाऱ्यावरचं गाव. खाडीच्या या टोकाचा रोमन किनारा जो खाली गेला तो अजून खालीच आहे. सम्राट क्लॉडियसच्या जलमंदिराचे अवशेष पाच मीटर पाण्यात आहेत, घरांच्या जमिनींवरची मोझेकही. काचेच्या तळाच्या बोटीतून हे पाहता येतं, फक्त वारा नको. लाटा उठल्या की गाळ ढवळतो आणि काचेखाली नुसता हिरवा धूर दिसतो. म्हणून बाया सकाळी आणि खांब उन्हं कलल्यावर.