शून्यापासून मोजायचं, कडेपासून नाही

मुलांची लांबी मोजताना होणारी पहिली चूक फूटपट्टीच्या टोकाशीच असते. बहुतेक पट्ट्यांवर शून्याची रेघ कडेपासून थोडी आत असते आणि मुलं पेन्सिल कडेला टेकवतात. काही मुलं १ पासून मोजतात, मग प्रत्येक उत्तर १ सेमीने जास्त येतं. यावर चांगला उपाय म्हणजे तुटकी पट्टी. ४ पासून ११ पर्यंत पोचणाऱ्या खडूची लांबी विचारा. ‘११’ असं उत्तर आलं, तर मूल आकडा वाचतंय, अंतर मोजत नाहीये. मधली घरं बोटाने मोजू द्या: सात.

मग कार्डशीटच्या दहा पट्ट्या आलटून पालटून दोन रंगांत चिकटवून मीटरपट्टी करा. एक पट्टी १० सेमीची, बाकी नऊ ११ सेमीच्या, कारण प्रत्येक जोडात १ सेमी खाली दबतो. सगळ्या १० च्या कापल्या तर मीटर ९१ सेमीचाच भरतो. (ही चूक एकदा होऊ द्यावी, मुलं कारण स्वतःच शोधतात.)

रूपांतर या पट्टीनंतरच घ्या. ‘गुणायचं की भागायचं’ हे पाठ करून घेऊ नका. एकक लहान झालं की तुकडे जास्त लागतात, म्हणून आकडा वाढतो, हे पट्टीवर दिसतं. सगळ्यात जास्त घोळ ३ मी ५ सेमीमध्ये होतो. मुलं ३५ किंवा ३५० लिहितात. ३०० आधी वेगळे लिहायला लावा, खाली ५ मांडा: ३०५ सेमी. दशांशात तेच ३.०५ मी, ३.५ नव्हे. ३.५ मी म्हणजे ३५० सेमी, हेही लगेच पट्टीवर दाखवा.