११८ अंशांवरचा कनेक्टर

मे महिना, शिंदखेडा तालुका, दुपारचा एक. सावलीतच ४४ अंश. ४ मेगावॉटच्या सौर प्रकल्पात आमची थर्मल कॅमेऱ्याची फेरी चालू होती. शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांच्या वीजलाइनला, दिवसा वीज मिळावी म्हणून गावच्या उपकेंद्राला जोडलेला हा प्रकल्प. पॅनेलच्या पाठीमागचे कनेक्टर, म्हणजे तारा जोडणारे प्लग, ६०-६५ अंश दाखवत होते. सातव्या रांगेत पडद्यावर पांढरा ठिपका आला. ११८.

जवळ जाऊन पाहिलं तर काळ्या प्लॅस्टिकला फोड आलेला, करपलेला वास सुटलेला. सोबतचा पोरगा, आयटीआय होऊन जेमतेम सहा महिने झालेला, हात पुढे करत म्हणाला, "सर, ओढून काढू का?" मी इतक्या जोरात ओरडलो की पलीकडच्या रांगेत पॅनेल धुणारी माणसंही थबकली.

घरातल्या एसी विजेत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला विझायला वाव मिळतो. पॅनेलमधून येते ती डीसी वीज, त्यात तो शून्यावर येतच नाही. चालू लाइनवर कनेक्टर ओढला की दोन टोकांत ज्वाळ धरते आणि माणसाला भाजून काढते. या साखळीत २८ पॅनेल, हजाराच्या वर व्होल्ट. आधी इन्व्हर्टर (डीसीची एसी करणारं यंत्र) बंद केला, आयसोलेटर (लाइन तोडणारा स्विच) उघडला, क्लॅम्प मीटरवर अँपिअर शून्य पाहिले, मग हातमोजे घालून कनेक्टर सोडवला. एवढं करूनही व्होल्टेज जात नाही. ऊन आहे तोवर पॅनेल जिवंतच.

हातात घेतल्यावर कारण कळलं. नर भाग एका कंपनीचा, मादी भाग दुसऱ्याच कंपनीचा. वरून बेमालूम बसतात, पण आतल्या धातूची पकड सैल राहते, रोध वाढतो आणि जोड तापत जातो. उभारणीच्या घाईत कोणीतरी हाताशी आलं ते जोडून दिलं होतं.

मी दीपनगरला, भुसावळच्या औष्णिक वीज केंद्रात, शिकलेला माणूस. २१० मेगावॉटच्या संचावर सुरुवात केली, पुढे ५०० च्या संचांवर ठेकेदाराकडून देखभाल केली. तिथे परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, हातात पडल्याशिवाय वॉल्व्हला पाना लागत नसे. आता तिथे ६६० चा संच उभा आहे, आणि इकडे साक्रीच्या माळावर १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालतोय. कामं झपाट्याने इकडे वळताहेत आणि पोरांना रोजगार मिळतोय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सौरला देखभाल लागत नाही, असं कोणी म्हणालं की मी चिडतो. परमिटची ती शिस्त इथेही हवीच.

कुंपणाबाहेर एक शेतकरीदादा उभे होते. "साहेब, लाईट जाईन का? कपाशीला पाणी चालू आहे." एकच इन्व्हर्टर बंद आहे, लाईट जाणार नाही, असं सांगितल्यावर ते तिथेच बांधावर टेकले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत रात्री बॅटरी घेऊन पाणी द्यायला जायचो, म्हणाले. पाटात साप असायचे, आणि घरी बायको दाराशी बसून राहायची.

सूर्य मावळल्यावर त्या इन्व्हर्टरच्या सगळ्या रांगा तपासल्या. विजोड जोड आणखी ११ निघाले. ते कापून नवे क्रिंप करायला, म्हणजे तारेवर दाबून बसवायला, रात्रीचे साडेदहा वाजले. शेवटचा जोड त्या पोराने केला. क्रिंपिंग टूल दाबून झाल्यावर तार ओढून पाहिली, आणि मी काही म्हणायच्या आत पुन्हा एकदा ओढून पाहिली.