मोनेचं धुकं, काळ्या रंगाशिवाय

आज दिवसभर फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचा 'वॉटर्लू ब्रिज' समोर ठेवून बसलोय. 1899 ते 1901 दरम्यान लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातून त्याने थेम्सवरचा हा पूल पुन्हापुन्हा रंगवला. बरीचशी चित्रं पुरी झाली मात्र फ्रान्समधल्या जिव्हेर्नी गावच्या त्याच्या स्टुडिओत. धुक्यात कोळशाचा धूर मिसळलेला, म्हणूनच ती जांभळट-पिवळी झाक. काय नजर आहे!

करून बघणार असाल तर करड्यासाठी काळा घेऊच नका. कोबाल्ट ब्लू, किंचित कॅडमियम रेड, भरपूर पांढरा. पूल पाण्यापेक्षा जेमतेम एक छटा गडद. जास्त केलात की धुकं गेलंच. कमानींच्या कडा कोरड्या ब्रशने पुसट करा. उन्हाचे नारिंगी फटकारे खालचा थर वाळल्यावरच, नाहीतर सगळा चिखल होतो. मागची धुरांडी पुलाहूनही फिकट ठेवा, अंतर तिथेच दिसतं.