काय कळवायचे आहे?

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचे पत्र आले. अंकातला एक विभाग बंद पडलेल्या सेवांवर असणार होता, आणि माझे वडील, म्हणजे अण्णा, तारखात्यात नोकरीला होते हे त्यांना कुठून तरी कळले असल्यामुळे तारघरावर दोन हजार शब्दांचा लेख त्यांनी माझ्याकडे मागितला होता. मुदत ३१ जुलैची होती. मी आनंदाने होकार कळवला, कारण ज्यासाठी शोधाशोध करावी लागत नाही असा विषय पैसे घेऊन लिहिणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येतो. एरवी माझे घर दवाखान्यांची माहितीपत्रके, गृहसंकुलांच्या जाहिराती, वार्षिक अहवालांची भाषांतरे आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांचे मुद्रितशोधन यांवर चालते. इथे माल घरातच होता. अण्णांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या होत्या, आणि १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली प्रायोगिक तारवाहिनी टाकली गेली तेव्हापासून जुलै २०१३ मध्ये सेवा बंद झाली तोपर्यंतची टिपणेही वहीत उतरवून ठेवलेली होती.

३१ जुलै उजाडला तेव्हा संगणकावर या लेखाच्या अकरा फाइली होत्या आणि त्यांपैकी सर्वांत मोठ्या फाइलीत दीड परिच्छेद होता.

या अवस्थेला मराठीत सर्वमान्य असा शब्द नाही. कोणी लेखनकोंडी म्हणतात, कोणी लेखनावरोध. बोलताना मात्र सगळेच ‘सध्या काही सुचत नाही’ एवढ्यावर भागवतात, आणि मीही तेच सांगत असे. आता मागे वळून पाहताना ते वर्णन साफ चुकीचे होते असे वाटते. सुचत होते, आणि भरपूर सुचत होते. भांडी घासताना, बसथांब्यावर, रात्री दिवा मालवल्यावर अख्खे प्रसंग डोळ्यांपुढे उभे राहत. कागदावर मात्र काही उतरत नव्हते. सुचणे आणि उतरणे ही दोन वेगळी क्रियापदे आपल्या भाषेने आपल्याला दिलेली असताना मी सात आठवडे एका क्रियापदाचा आजार दुसऱ्याच्या नावावर खपवत होते, आणि त्यामुळे उपचारही चुकीचे करत होते. काही सुचावे म्हणून रोज टेकडीवर जाऊन आले, लिहायचे टेबल खिडकीपाशी सरकवले, तारखात्याच्या इतिहासाचे आणखी वाचन केले, कपाटे आवरली. कपाटे छान आवरली गेली.

खरे तर याच काळात एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. त्याच सात आठवड्यांत मी एका दंतवैद्यांच्या दवाखान्यासाठी बारा पानी पुस्तिका लिहिली, एका अहवालाचे चाळीस पानी भाषांतर वेळेत दिले आणि त्यांत कुठेही हात अडखळला नाही. दाताच्या मुळाच्या उपचारावर मी दीड तासात सहाशे शब्द लिहू शकत होते, पण ज्या माणसाबरोबर सारे बालपण गेले त्याच्यावर सहा ओळी लिहू शकत नव्हते. आळस, थकवा, शब्दसंग्रहाची उणीव यांपैकी कशानेही याचा उलगडा होत नाही. दर गुरुवारी इथे लिहायचा माझा नेमही त्याच महिन्यांत मोडला, कारण जो लेख द्यायचा आहे तो पडून असताना दुसरे काही लिहिणे म्हणजे उधारी थकलेली असताना त्याच दुकानासमोरून नवे कपडे घालून जाण्यासारखे वाटे.

या विषयावर मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यातले सर्वांत प्रामाणिक लेखन बहुधा डेनिस अप्पर यांचे असावे. त्यांनी १९७४ साली वर्तनविश्लेषणाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात स्वतःच्या लेखनकोंडीवरील अयशस्वी उपचारांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. शीर्षकाखालचे पान पूर्ण कोरे आहे. निबंध तपासणाऱ्यानेही विनोदाला साथ देत, हस्तलिखित आपण लिंबाचा रस आणि क्ष-किरण लावून बारकाईने पाहिले पण त्यात एकही दोष आढळला नाही, असा अभिप्राय दिला. हसून झाल्यावर मला तो अभिप्राय जरा झोंबला. कोऱ्या पानात दोष नसतो, आणि मी ज्या अर्थी इतके दिवस पान कोरे ठेवत होते त्या अर्थी मला निर्दोष असण्याचेच आकर्षण होते, हे त्यातून उघड होत होते.

त्यानंतर माइक रोझ यांचे संशोधन वाचनात आले आणि तिथे मला माझी जागा अचूक सापडली. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांचा त्यांनी अभ्यास केला होता. पाच जण लिहिताना अडकणारे, पाच जण न अडकणारे. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचा निष्कर्ष असा, की अडकणाऱ्यांजवळ नियम कमी नव्हते. उलट त्यांनी काही नियम दगडावरची रेघ असल्यासारखे धरून ठेवले होते. पहिल्याच वाक्यात वाचकाला पकडले पाहिजे, हा अशा नियमांपैकी एक. प्रत्येक वाक्य पहिल्या खेपेलाच व्याकरणशुद्ध उतरले पाहिजे, हा दुसरा. न अडकणाऱ्यांनाही नियम ठाऊक होतेच, पण ‘जमले तर’ अशा बोलीवर. दहा विद्यार्थी ही काही मोठी संख्या नव्हे आणि अशा निबंधावरून साऱ्या लिहिणाऱ्यांविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. परंतु दुसरा नियम वाचताना मला आपलीच चोरी पकडली गेल्यासारखे वाटले.

कारण मी सतरा वर्षे मुद्रितशोधन करते आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा लेखननियम आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडलेले चार, असे अठरा नियम माझ्या बोटांत मुरलेले आहेत. ‘फूल’ दीर्घ आणि ‘फुलाचे’ ऱ्हस्व; ‘वीट’ दीर्घ आणि ‘विटा’ ऱ्हस्व; पण ‘गुण’ आणि ‘विष’ संस्कृतातून जसेच्या तसे आलेले म्हणून ऱ्हस्वच. दुसऱ्याच्या मजकुरावर हे काम करताना मला अजूनही आनंद मिळतो, आणि शुद्धलेखनाला नाके मुरडणाऱ्यांच्या पंगतीत मी कधीही बसणार नाही. अडचण अशी, की मुद्रितशोधकाचे डोळे वाचण्यासाठी घडवलेले नसतात. ते अडण्यासाठी घडवलेले असतात. जो मजकुरातून सहज पुढे सरकतो तो मुद्रितशोधक कामाचा नाही. शब्दागणिक थांबणे, काना आहे का, वेलांटी कुठल्या बाजूची, हे वाक्य आधीच्या वाक्याशी जुळते का, असे पाहत राहणे हाच त्याचा धर्म. जाहिरात किंवा अहवाल लिहिताना हे डोळे बाजूला ठेवता येतात, कारण त्या मजकुराखाली आपले नाव नसते. अण्णांवरच्या लेखाखाली मात्र माझे नाव असणार होते, आणि त्याच अंकाचे अर्धे मुद्रितशोधनही माझ्याकडेच येणार होते. त्यामुळे वाक्यातला तिसरा शब्द लिहायच्या आत पहिल्या दोघांची तपासणी सुरू होई आणि चौथ्याला जन्मच मिळत नसे. अकराही फाइलींची सुरुवात निरनिराळ्या वाक्यांनी झालेली होती आणि प्रत्येक वाक्य, एकटे पाहिले तर, निर्दोष होते.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी अण्णांचा नेहमीप्रमाणे फोन आला. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहतात.

“लेख पाठवलास का गं?” त्यांनी विचारले.

“नाही अण्णा, अजून सुरुवातच होत नाहीये. तुमच्याबद्दल कसं लिहावं तेच कळत नाही.”

“कसं ते नंतर बघू. फॉर्म बाजूला ठेव आणि काय कळवायचंय ते सांग.”

हे वाक्य मी लहानपणी शेकडो वेळा ऐकले होते. अण्णा तारघराच्या खिडकीशी बसत. तारेचे पैसे शब्दागणिक पडत असल्यामुळे माणसे छापील फॉर्म हातात घेतल्यावर गडबडून जात. कोणाच्या घरी मृत्यू झालेला असे, कोणाचा मुलगा मुंबईहून यायचा असे, आणि इतके मोठे दुःख सहा-सात शब्दांत, तेही इंग्रजीत, कसे बसवायचे या विचाराने दोन बुके शिकलेले गृहस्थसुद्धा पेन धरून नुसते उभे राहत. अशा वेळी अण्णा समोरचा फॉर्म उचलून घेत आणि म्हणत, “हे राहू द्या. काय कळवायचंय ते मला सांगा.” मग तो माणूस बोलू लागे. म्हातारी काल रात्री पडली, डॉक्टर म्हणतात भरवसा नाही, थोरल्याला सुट्टी मिळत नाही पण त्याने यायलाच हवे, असे दोन-तीन मिनिटे चाले. अण्णा सगळे ऐकून घेत आणि मग स्वतः फॉर्मवर लिहीत : मदर सिरीयस, स्टार्ट इमिजिएटली. लिहून झाले की पेनाच्या टोकाने शब्द मोजत, मोठ्याने वाचून दाखवत आणि पैसे सांगत. ऐकणे आधी, कातरणे नंतर, मोजणे सर्वांत शेवटी. तीन वेगळी कामे एकामागून एक.

मी त्यांना त्याच फोनवर सांगू लागले, आणि काय सांगायचे आहे ते माझे मलाही तेव्हाच कळले. १८५० साल आणि डायमंड हार्बर माझ्या बोलण्यात आलेच नाहीत. खिडकीवरचा तो फॉर्म आला, शाईने निळे झालेले त्यांचे बोट आले, आणि रात्रपाळीहून परतल्यावर आईने ‘आज काय आलं?’ असे विचारले की ‘वाईट दोन, बरी पाच’ एवढेच सांगण्याची त्यांची पद्धत आली. अण्णा अधूनमधून “नाही, ते तसं नव्हतं” असे म्हणून दुरुस्त करत होते, आणि ती दुरुस्ती मुळीच अडवत नव्हती, कारण ती घडलेल्या गोष्टीची होती, वाक्याची नव्हती.

त्या संध्याकाळी मी फोन समोर ठेवला आणि बोलून टंकलिखित करण्याची सोय वापरली. गूगलने २०१७ मध्ये ही सोय मराठीसाठी सुरू केली, पण मी तिच्याकडे आजवर तुच्छतेने पाहत आले होते. माझ्या फोनवर तिला विरामचिन्हे उमटवता येत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ तिच्या मर्जीवर असते, आणि त्या दिवशी तिने ‘तारघर’ या शब्दाचे प्रत्येक वेळी ‘तर घर’ केले. नेमका याचाच मला उपयोग झाला. मजकूर इतका अशुद्ध उतरत होता की त्यात एखाद-दुसरी चूक सुधारण्यात काही अर्थच उरला नव्हता, आणि माझ्यातला मुद्रितशोधक, हात टेकून म्हणा, वैतागून म्हणा, उठून गेला. तासाभरात दोन हजारांहून अधिक शब्द जमले. दुसऱ्या दिवशी मी ते छापून घेतले, त्या गबाळ्या पानांवर लाल पेनाने काम केले, आणि त्या कामात नेहमीइतकाच आनंद मिळाला. बुधवारी लेख गेला. मुदत उलटून सहा दिवस झाले होते. संपादकांनी त्याविषयी एक अक्षर काढले नाही, जे मला रागावण्यापेक्षा अधिक लागले.

तेव्हापासून मी दोन कामे दोन दिवशी करते. पहिल्या दिवशी फोनशी बोलते, किंवा जुन्या मुद्रितांच्या पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीने लिहिते. कोऱ्या शुभ्र कागदाची जी धास्ती वाटते ती पाठीमागे दुसऱ्याची कादंबरी छापलेल्या कागदाची वाटत नाही. एखादे साल किंवा नाव आठवले नाही तर तिथे फुली मारून पुढे जाते, शोधायला उठत नाही, कारण शोधायला उठलेली मी दोन तासांनी भलत्याच लेखावर सापडते. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, शक्यतो सकाळी.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवे. यंदा मार्चमध्ये एका मासिकाने शहरातल्या उन्हाळी पेयांवर लेख मागितला होता. तिथेही मी अडले, फोनपुढे बसले, आणि तीन मिनिटांत बोलणे संपले. ती कोंडी नव्हतीच. मला त्या विषयावर सांगण्यासारखे काही नव्हते. मी संपादकांना फोन करून लेख परत केला. मानधन गेले, आणि त्या महिन्यात ते जाणे परवडणारे नव्हते, पण एरवी मी तेवढ्यासाठी आणखी अकरा फाइली भरल्या असत्या.

लिहिण्याचा विषय निघाला की आपल्याकडे समर्थ रामदासांचे नाव हटकून निघते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे, म्हणून मी तोही या निमित्ताने पुन्हा वाचला. बोरू कसे निवडावेत, टाक कसा तोडावा, कागदाभोवती जागा किती सोडावी, वरच्या ओळीची मात्रा आणि खालची ओळ एकमेकींना लागू नयेत, पहिल्या अक्षराचे वळण ग्रंथ संपेपर्यंत कसे टिकावे, याचे इतके बारीक मार्गदर्शन क्वचितच कुठे सापडेल. पण तो समास लेखकासाठी नाही, लेखनिकासाठी आहे; समोर तयार असलेला ग्रंथ उतरवून घेणाऱ्यासाठी. माझ्यातला लेखनिक चांगला तयार झाला आहे, आणि तो दर वेळी लेखकाच्या आधी येऊन बसतो, हीच तर माझी तक्रार होती.

दिवाळी अंकाची मुद्रिते सप्टेंबरात माझ्याकडे आली. स्वतःचा लेख स्वतः तपासू नये असा संकेत असल्यामुळे तो मी दुसऱ्या मुद्रितशोधकाकडे दिला. अंक निघाल्यावर अण्णांना प्रत पाठवली. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. लेखाविषयी ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, पाऊस, गुडघा आणि शेजाऱ्यांचे लग्नकार्य झाल्यावर मग म्हणाले, “मोजले मी. दोन हजार एकशे चाळीस भरले. पैसे शब्दावर देतात का गं अजून?”