बेसचे पैसे नेकमध्ये असतात

हाताने बनवलेल्या बेस गिटारची किंमत ऐकली की पहिला प्रश्न लाकडाचा येतो. कुठलं लाकूड, किती जुनं, वरचा तो पट्ट्यापट्ट्यांचा मेपल कुठून आणला. फोटोत तेवढंच दिसतं, त्यामुळे चर्चाही त्याचीच होते. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या फोडेरा या कंपनीचा कस्टम बेस १०,००० डॉलरच्या पुढे जातो. त्यात त्या देखण्या फळीचा वाटा असतो, पण थोडा. मोठी रक्कम जाते ती नेकमध्ये. डाव्या अंगठ्याखालची ती दोन फुटांची दांडी सरळ राहावी, पावसाळ्यातही राहावी आणि तिच्यावरचा प्रत्येक स्वर सारखा बोलावा, यासाठी जे तास लागतात आणि जे लाकूड वाया जातं, त्याचे हे पैसे.

३४ इंची स्केलच्या (नेकच्या टोकाच्या नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत तारेची बोलती लांबी) चार तारी बेसवर ४५ ते १०५ च्या (इंचाच्या हजारांशात जाडीच्या) तारा लावल्या तर एकूण ताण ८० किलोच्या आसपास जातो. खालच्या ‘बी’ (B) स्वराची पाचवी तार आली की आणखी १५-१६ किलो. थोडक्यात, एक भरभक्कम माणूस रात्रंदिवस त्या दांडीला लटकलेला आहे. नटजवळ तिची जाडी जेमतेम २१-२२ मिलिमीटर. आणि एवढ्या ओढीखाली सातव्या-आठव्या फ्रेटपाशी (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तिला बाक हवा तो फक्त पाव ते एकतृतीयांश मिलिमीटर. जास्त झाला तर तारा उंच होऊन बोटं दमतात, कमी झाला तर पहिल्या चार-पाच फ्रेटवर खडखड सुरू होते.

म्हणून जाणता कारागीर नेकचं लाकूड एका दिवसात कापून मोकळा होत नाही. ओलावा ६ ते ८ टक्क्यांवर आलेला मेपल घ्यायचा, अंतिम मापापेक्षा ३-४ मिलिमीटर जास्त ठेवून ओबडधोबड कापायचा आणि ठेवून द्यायचा. कापल्यावर आत दबलेला ताण सुटतो आणि दांडी हलते. कुणी बाक घेते, कुणी पिळते. काही आठवड्यांनी रंधा मारून सरळ करायची, पुन्हा ठेवायची. ट्रस रॉडची (नेकच्या आत बसणाऱ्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या धातूच्या दांड्याची) खाच पाडली की परत थोडी हलते. जिला पीळ बसला ती बाद, कारण साधा ट्रस रॉड बाक काढतो, पीळ काढत नाही. तीन किंवा पाच पट्ट्या चिकटवलेला नेक जास्त स्थिर असतो, शेजारच्या पट्ट्यांचे रेषे उलटसुलट ठेवता येतात म्हणून. पण मग प्रत्येक सांधा असा जुळवावा लागतो की उजेडासमोर धरला तरी फट दिसू नये.

फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसतात ती वरची फळी, चिकटवताना नवीन माणसाची हमखास चूक होते ती सरसाची. पाण्याचा सरस बोर्डाच्या फक्त खालच्या बाजूला ओल देतो, ती बाजू फुगते आणि नेकचा आकार बिघडतो. त्यामुळे काहीजण इपॉक्सी वापरतात, बाकीचे क्लॅम्प सोडल्यावर बरेच दिवस त्याला हात लावत नाहीत. फ्रेटची खाच साधारण ०.६ मिलिमीटरची. ती किंचित अरुंद राहिली तर प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा बसतो आणि २४ पाचरी मिळून अख्खा नेक मागे वाकवतात. सैल राहिली तर फ्रेट वर उठतो. खाचांच्या जागांचं गणित मात्र सोपं आहे: ३४ इंच म्हणजे ८६३.६ मिलिमीटर, त्याला १७.८१७ ने भागा, ४८.४७ वर पहिला फ्रेट आला, उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार. त्याचे पैसे कुणी घेत नाही.

पैसे पडतात ते पुढच्या कामाचे, आणि ते तंबोरा पाहिलेल्या माणसाला चटकन कळतं. सयाजीरावांची गायनशाळा १८८६ पासून चालत आलेल्या आपल्या बडोद्यात जवारी काय ते वेगळं सांगायला नको. घोडीचा माथा इतका हलका उतरता घासतात की तार त्याला चाटत चाटत सुटते आणि तो झणकार उमटतो. बेसच्या फ्रेटवर नेमका हाच झणकार नको असतो. काम तेच, दिशा उलटी.

फ्रेट बसवल्यावर सगळ्यांचे माथे शाईने रंगवतात. मग अगदी सरळ पट्टीला पॉलिश पेपर लावून, प्रत्येक माथ्यावरची शाई जाईपर्यंत घासतात. आता २४ फ्रेट एका पातळीत आले, पण माथे सपाट झाले. सपाट माथ्यावर तार एका रेषेत टेकत नाही, ब्रिजकडच्या कडेवर टेकते. स्वर थोडा चढा लागतो आणि सितारीसारखी झणझण येते. म्हणून पुन्हा शाई लावायची आणि पोटाला अर्धगोल खोबण असलेल्या कानशीने एकेक माथा दोन्ही बाजूंनी गोल करत आणायचा, मधोमध केसाएवढी शाईची रेघ शिल्लक राहीपर्यंत. ती रेघ पुसली गेली तर तो फ्रेट खाली गेला, आता उरलेले २३ त्याच्या पातळीला उतरवा. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट असतील तर कानशी लवकर बोथट होतात आणि हेच काम कितीतरी जास्त वेळ खातं. बदल्यात ते झिजायला वर्षानुवर्षं लागतात.

हाताने बनवलेला म्हणजे यंत्राला न शिवलेला, असं समजू नका. बरेच छोटे कारागीर बॉडी सीएनसी या संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर कापतात, फ्रेट मोजायला प्लेक हे जर्मन यंत्र वापरतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. महत्त्वाचं हे की यंत्राचं काम संपल्यावर त्या एका नेकपाशी माणूस किती वेळ बसतो.

आता मुक्या जागा. लाकडी नेकला स्वतःचं कंपन असतं आणि एखादा स्वर त्या कंपनाशी जुळला की तारेची ताकद नेक पिऊन टाकतो, स्वर लवकर मरतो. बहुतेक बेसवर ही जागा ‘जी’ (G) तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान सापडते, म्हणजे १३१ ते १४७ हर्ट्झच्या पट्ट्यात. आत ग्रॅफाइटच्या पट्ट्या घालून नेक ताठ केला किंवा हेडस्टॉकचं (नेकच्या खुंट्यांच्या टोकाचं) वजन कमी-जास्त केलं तर ती जागा सरकते. पूर्ण नाहीशी होईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पण चांगला कारागीर ती शोधतो, आणि जिथे कमी त्रास होईल तिथे नेऊन ठेवतो. १,००,००० रुपयांच्या आतल्या बेसवर एवढा वेळ देणं कारखान्याला परवडतच नाही. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हा नेक चार स्क्रूंवर बसवला तो याच हिशेबाने: बिघडला तर बदला. ती कल्पना उत्तमच आहे, फक्त वेगळ्या गरजेची आहे.

पिकअप, प्रीअँप, ब्रिज, ट्यूनर हे बरेचसे विकतच येतात. लाकूड धरून हजार-दीड हजार डॉलर सहज होतात. एका बेसला १०० ते १५० तास धरा. वर्षाचे कामाचे २,००० तास. त्यातून धार लावणं, लाकूड शोधणं, दुरुस्त्या, पत्रव्यवहार वजा केला तर एकट्या माणसाच्या हातून वर्षाला १०-१२ वाद्यं निघतात. न्यूयॉर्कचं भाडं, विमा, रंगकामाची खोली आणि त्या माणसाचं घर या १०-१२ वाद्यांवरच चालायचं. नायट्रोचा (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा) रंग असेल तर दहाबारा पातळ हात आणि नंतर काही आठवडे नुसतं सुकवणं. तोवर त्या बेसचे पैसे अडकलेले.

या सगळ्याची सुरुवात ज्या नावापासून झाली ते बडोद्याला अनोळखी नाही: अलेम्बिक. आपल्या गोरव्याच्या बाजूची औषधांची कंपनी १९०७ ची. कॅलिफोर्नियातली बेसवाली १९६९ ची, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. अनेक थरांचा नेक आरपार बॉडीतून नेणं, बॅटरीवरचं सर्किट आत बसवणं, हे त्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केलं आणि बेसवादक स्टॅनली क्लार्कच्या हातात ते जगाने ऐकलं. १९७५ मध्ये बेसवादक अँथनी जॅक्सनसाठी कारागीर कार्ल थॉम्पसन यांनी सहा तारांचा बेस केला. असं वाद्य कारखान्यातून मागवता येत नव्हतं, एका वादकासाठी एका माणसाने बसूनच करायचं होतं.

भारतात आणताना सीमाशुल्क लागतं ते वाद्याची किंमत, विमा आणि विमानभाडं यांच्या बेरजेवर. जीएसटी लागतो तो शुल्क मिळवून आलेल्या रकमेवर. ही बेरीज ऑर्डरआधीच करा. ब्राझिलियन रोजवूडचा बोर्ड टाळा: ते लाकूड १९९२ पासून साइट्स (CITES) या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय सीमेवर अडकेल. आपला शिसवी बोर्ड असलेल्या तयार वाद्याला २०१९ च्या नोव्हेंबरपासून ती अडचण नाही.

इथे हा बेस जपायचाही आहे. मे महिन्यात बडोद्याची हवा कोरडी ठणठणीत, जुलैत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, आणि नवरात्रात गरब्याच्या उघड्या स्टेजवर रात्री दव. मेमध्ये बोर्ड आकसला की फ्रेटची टोकं बाजूने हाताला लागतात; ज्याने बोर्ड नीट वाळवला आणि टोकं गोल केली, त्याच्या बेसवर हे जवळपास होत नाही. घेण्याआधी नेकची कड हेडस्टॉककडून एका डोळ्याने बघा, पीळ दिसतो. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट दाबून आठव्यापाशी तारेखाली किती फट उरते ते बघा, जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी हवी. मग ‘जी’ (G) तारेवर एकेक फ्रेट वाजवा, सगळे स्वर सारख्या जोराने छेडा आणि प्रत्येक विझेपर्यंत थांबा. पाचव्या ते सातव्यादरम्यान एखादा अर्ध्यात विझला तर हेडस्टॉकला एखादा लहान क्लॅम्प लावून तोच स्वर पुन्हा वाजवा. स्वर लांबला आणि विझणारी जागा एखाददुसऱ्या फ्रेटने सरकली, तर दोष तारेचा नाही, नेकचा आहे, आणि किंमत बोलताना तो धरायचा.