एक फटकारा, एक फ्रेम

मंगळवार, रात्री उशिरा

आज पुन्हा जर्मन अमूर्त अ‍ॅनिमेशनकार ऑस्कर फिशिंगरची ‘मोशन पेंटिंग नं. १’ पाहिली. संपल्यावर बराच वेळ जागची हललेच नाही. १९४७ची फिल्म, जेमतेम ११ मिनिटांची, सोबतीला बाखचं संगीत. प्लेक्सिग्लासवर, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकवर, तैलरंगाचा एक फटकारा मारायचा, कॅमेऱ्यात एक फ्रेम घ्यायची, मग पुढचा फटकारा. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तरी आकडा १५ हजारांच्या पुढे जातो. महिनोन्‌महिने हे काम चाललं, आणि आधीचं पडद्यावर कसं दिसतंय हे त्याला पाहायलाही मिळालं नव्हतं. एवढा भरवसा कुठून आणतो माणूस?

रविवारी मी स्वतः करून पाहिलं. काचेवर लाल सर्पिल. दोन तासांत ९० फटकारे, म्हणजे पडद्यावर पावणेचार सेकंद. पिवळा घेऊन आत वळले, तर खालचा लाल ओलाच. दोन्ही मिसळून गढूळ झाले. पुसायची सोय नाही, कारण पुसणंही चित्रित होणार. तो मधेच वर प्लेक्सिग्लासची नवी शीट का ठेवायचा, ते तेव्हा हाताला कळलं.

१९२९मध्ये एका सिनेमाच्या सेटवर त्याचा घोटा मोडला. इस्पितळात पडल्यापडल्या त्याने कोळशाने कागदावर चित्रं काढायला घेतली आणि त्यातून त्याचे ‘स्टडीज’ नावाचे छोटे अमूर्त अ‍ॅनिमेशनपट उभे राहिले. १९३६मध्ये तो जर्मनी सोडून हॉलिवुडला गेला. तिथे डिस्नेच्या ‘फँटेशिया’ या अ‍ॅनिमेशनपटातल्या बाखच्या भागासाठी काम केलं, पण त्याच्या आकृत्या इतक्या बदलल्या गेल्या की तो बाहेर पडला. ‘मोशन पेंटिंग’नंतर तशी मोठी फिल्म त्याच्या हातून झालीच नाही. १९६७मध्ये तो गेला. मधली २० वर्षं प्रामुख्याने कॅनव्हासची.

फिल्मला पैसा मिळेना म्हणून तो चित्रांकडे वळला, असं सर्रास लिहितात. पैशाचं खरंच आहे, आणि त्या न झालेल्या फिल्मांचं मला फार वाईट वाटतं. पण चित्रं म्हणजे उरलंसुरलं काम, हे मला अजिबात पटत नाही. हॉलिवुडला आल्यापासून, फिल्म चालू असतानाच तो रंगवत होता. त्याची एकात एक वर्तुळं पाहताना माझा डोळा आपोआप शोधतो, आधी कुठलं आलं, मग कुठलं. त्या कॅनव्हासवर वेळ साठलेला आहे.

माझी काच अजून टेबलावरच आहे, रंग ओला. उद्या तिच्यावर शीट ठेवून सर्पिलाच्या टोकापासून पुढे सुरू करणार. पिवळ्यानेच.