दोन बंब

मामा गेल्याचा फोन सकाळी सहाला आला आणि साडेसातला मानवत रोडकडच्या एका जिनिंगला आग लागल्याचा कॉल. मातीला जायचं तिथंच राहिलं.

मार्च महिना. आवारात कापसाची गंजी, शेडमध्ये रुईच्या गाठी, एकेक 170 किलोची. गंजी दोन तासांत आटोक्यात आली. मालक म्हणाला, झालं की साहेब, चहा घ्या. गाठी वरून काळ्या पडलेल्या, धूर नाही. नवी पोरं पाइप गुंडाळायला लागली. मी हातमोजा काढला आणि एका गाठीच्या पट्ट्यांमधून उलटा पंजा आत सारला. गरम.

ही मामांची रीत. "वरून विझलेली गाठ म्हणजे झोपेचं सोंग घेतलेलं लेकरू," ते म्हणायचे. "पाठ फिरवली की उठून बसतंय." चार लेकरं थोपटून निजवलेल्या माणसालाच असलं सुचणार. दाबून बांधलेल्या रुईत पाणी शिरत नाही, विस्तव मात्र आत दिवसेंदिवस धुमसतो. मग गाठी बाहेर ओढा, पट्ट्या तोडा, फोडा, भिजवा. पाच वाजले. तोवर तिकडं माती उरकली होती.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर मामा आठवडाभर किल्लारीला होते. त्याबद्दल फार बोलले नाहीत. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, पहाटे चारच्या आत घरं खाली आली, एवढंच सांगायचे. दगडमातीच्या रुंद भिंती आणि डोक्यावर माळवदाची माती. परत आले ते पाणीसुद्धा न पिता स्वतःच्या घरावर चढले आणि माळवद खोदायला लागले. कर्ज काढून पत्रे टाकले. त्या पत्र्यांखाली तीस उन्हाळे भाजले, असं मामी अजून ऐकवतात.

आणि त्यांचा तो तांब्याचा बंब! लेकींच्या शाळेसाठी पहाटे चारला उठून पऱ्हाट्या घालून स्वतः पेटवायचे. "हापिसातला बंब विझवायला, घरचा पेटवायला." रिटायर झाल्यावर पोरांनी गिझर आणतो म्हटलं, तर दोन दिवस बोलले नाहीत. मला वाटतं, जन्मभर जिच्या मागं पळाले ती आग गुमान एका जागी बसलेली बघायला त्यांना आवडायचं.

रात्री आठला गाडी लावली आणि तसाच त्यांच्या दारात गेलो. काळं तोंड, अंगाला जळक्या कापसाचा वास. ओसरीत बायका बसलेल्या. काय बोलावं सुचेना. मामींनी मान वर केली.

"कुठं लागली होती?"

"जिनिंगला, मामी."

"गाठी फोडल्या का?"

"फोडल्या."

"मग असा बसू नको. मागं बंब पेटलेला हाय. आधी अंगावर पाणी घे."

न्हाणीत पऱ्हाट्या संपत आल्या होत्या. उरलेल्या दोन मी आत सारल्या.